किस्सा-इ-संजाण : करारनामा कीं काव्य ?

पारशी लोक हिंदुस्थानांत कसे आले आणि येथें कोणत्या बोलीनें राहिले, या प्रश्नाचा शोध घेणाऱ्या प्रत्येकास शेवटीं एका लहानशा फारशी काव्यापाशीं यावें लागतें. ‘किस्सा-इ-संजाण’ हें त्याचें नांव. नवसारीस राहणाऱ्या बहमन कैकोबाद संजाणा नामक मोबेदानें यज्दगर्दी सन ९६९, म्हणजे इ. स. १५९९-१६०० मध्यें तें रचिलें. बैत चारशेंहून थोडे अधिक. पारशांच्या आगमनाची हकीकत सलग सांगणारा याहून जुना ग्रंथ आजवर उपलब्ध झालेला नाहीं. आंकतिल द्युपेराँ या फ्रेंच पंडितानें इ. स. १७७१ मध्यें छापलेल्या आपल्या ग्रंथांत त्याचा गोषवारा दिला. ईस्टविक यानें इ. स. १८४२ च्या सुमारास त्याचें इंग्रजी भाषांतर केलें; जीवनजी जमशेदजी मोदी यांनीं इ. स. १९०५ मध्यें व शापूरशाह होडीवाला यांनीं इ. स. १९२० मध्यें त्यांतील कालगणनेचा खल केला. आणि अ‍ॅलन विल्यम्स यांनीं इ. स. २००९ मध्यें मूळ संहिता भाषांतरासह प्रसिद्ध केली. इतक्या विद्वानांचे हात लागूनहि या काव्याविषयीं एक समजूत जनमानसांत घट्ट बसली आहे. ती अशी कीं, ‘किस्सा’ म्हणजे यजमान राजा व आगंतुक समाज यांमध्यें झालेल्या कराराची नोंद होय. या समजुतीचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम कथानक थोडक्यांत सांगतों. इराणांत सासानी राज्याचा अंत झाल्यावर स्वधर्मनिष्ठ लोक शंभर वर्षें कोहिस्तानांत दडून राहिले. तेथून ते होर्मुझ बंदरीं आले व पंधरा वर्षांनीं गलबतांत बसून दीव येथें उतरले. एकोणीस वर्षांनीं त्यांनीं पुन्हां समुद्र गांठला. वाटेंत मोठें वादळ झालें; तेव्हां सुखरूप पार पडल्यास आतश बेहरामाची स्थापना करूं, असा नवस त्यांनीं केला. संजाणच्या किनाऱ्यास लागल्यावर त्यांचा दस्तूर नजराणा घेऊन तेथील राजा जादी राणा याजकडे गेला. परक्यांचा हा समुदाय पाहून राजास भय वाटलें. त्यानें पांच अटी घातल्या : आपल्या धर्माची माहिती सांगावी, आपल्या देशाची भाषा सोडून हिंदची भाषा बोलावी, स्त्रियांनीं येथील स्त्रियांसारखा वेष करावा, शस्त्रें खालीं ठेवावीं, आणि विवाह सायंकाळीं लावावे. दस्तुरानें त्या मान्य केल्या. राजानें जागा दिली, रान साफ करून वस्ती झाली व अग्नीची स्थापना झाली. पुढें शतकें लोटलीं. महमूद सुलतानाची फौज संजाणावर आली, राजा व पारशी मिळून लढले व हरले, आणि पवित्र अग्नि बारा वर्षें बाहरोटच्या डोंगरांत व चौदा वर्षें वांसद्यास ठेवून अखेर नवसारीस आणिला गेला.

येथें एका गोष्टीचा उलगडा आधींच केला पाहिजे. राजानें दुधानें कांठोकांठ भरलेला पेला पाठविला, आणि दस्तुरानें थेंबहि न सांडतां त्यांत साखर विरघळवून तो परत केला, ही आख्यायिका आज आबालवृद्धांच्या तोंडीं आहे. बहुतेक लोक ती ‘किश्शां’तील समजतात. ‘किश्शां’त ती नाहीं. मौखिक परंपरेंत तिचीं अनेक रूपें आहेत. पण बहमनच्या काव्यांत दूधहि नाहीं आणि साखरहि नाहीं. हा भेद क्षुल्लक नव्हे. साखर विरघळते, दृष्टीस पडत नाहीं, जागा मागत नाहीं आणि गोडी मात्र देते. यजमानास अशा पाहुण्यापासून कांहींच तोशीस नाहीं. काव्यांतला दस्तूर या जातीचा नाहीं. तो अटी मान्य करतो खरा, परंतु लगेच अग्निमंदिरासाठीं भूमि मागतो, आणि त्या अग्नीच्या आसमंतांत परधर्मीयाची वस्ती नसावी असेंहि सांगतो. विरघळण्याची कथा आणि वेगळी जागा मागण्याची कथा या दोन निराळ्या कथा आहेत. त्यांची सरमिसळ करून काढलेलें अनुमान विश्वसनीय नाहीं.

आतां कर्त्याच्या प्रामाण्याकडे वळूं. बहमन स्वतः सांगतो कीं, ही हकीकत त्यानें होशंग नावाच्या वृद्ध व विद्वान दस्तुराच्या मुखीं ऐकिली. म्हणजे ग्रंथाचा आधार लेखी दफ्तर नसून वृद्धवचन आहे. वर्णिलेली घटना व लेखन यांमध्यें कमींत कमी साडेसहाशें वर्षांचें अंतर आहे. शंभर, पंधरा व एकोणीस हे आंकडे यज्दगर्द राजाच्या मृत्यूच्या सालांत, म्हणजे इ. स. ६५१ मध्यें मिळविले तर ७८५ हें साल निघतें. दुसऱ्या एका परंपरेनें संवत् ७७२, म्हणजे इ. स. ७१६ हें साल दिलें आहे. होडीवाला यांनीं ९३६ सुचविलें. एकाच घटनेच्या तीन सालांत सव्वादोनशें वर्षांचा फरक पडतो, यावरूनच साधनाची जात ओळखावी. जादी राणा हें नांव कोणत्याहि शिलालेखांत वा ताम्रपटांत जसेंच्या तसें आढळत नाहीं. यादव, जयदेव, शिलाहारांचा वज्जडदेव असे तर्क झाले, ते तर्कच राहिले. ज्या करारांत कालाचा निश्चय नाहीं व करार करणाऱ्याचें नांवहि संदिग्ध आहे, तो कोणत्याहि न्यायसभेंत टिकणार नाहीं.

परंतु बाह्य शंका बाजूस ठेवून काव्याच्या अंतरंगांतच अटी कशा बसतात हें पाहिलें पाहिजे. शस्त्रांची अट घ्या. शस्त्रें खालीं ठेवावीं, असें राजा म्हणतो. पण त्याच भेटींत दस्तूर राजास अभय देतांना, आम्ही हिंदभूमीचे मित्र राहूं व तुझ्या शत्रूंचा संहार करूं, अशा आशयाचें वचन देतो. शस्त्र टाकलेला मनुष्य शत्रूचा संहार कशानें करणार ? पुढें सुलतानाचा सरदार अलफखान चालून येतो तेव्हां राजा पारशांस आपल्या पूर्वजांच्या उपकारांची आठवण देतो, आणि अर्देशीर नामक वीराच्या हाताखालीं चौदाशें पारशी चिलखतें चढवून रणांत उतरतात. हिंदु सैन्य मागें हटलें असतांहि ते पाय रोवून राहिले, असें कवि अभिमानानें सांगतो. शस्त्राभ्यास मोडलेल्या समाजांतून चौदाशें योद्धे एका रात्रींत निर्माण होत नाहींत. एक तर अट पाळली गेली नाहीं, किंवा ती मुळांतच नव्हती, किंवा युद्धाचें वर्णन शाहनाम्याच्या धर्तीवर रचिलेलें आहे. हा तिसरा पक्ष खरा मानल्यास अटींचें वर्णनहि तसेंच रचिलेलें नसेल कशावरून ? तिहींपैकीं कोणताहि पक्ष घेतला तरी करारनाम्याची भिंत ढांसळते.

भाषेची अट याहूनहि विचार करण्याजोगी आहे. गुजराती ही पारशांची घरची भाषा झाली, यांत वाद नाहीं. परंतु स्वभाषा सोडण्याची ही अट कवि आपणांस फारशींत सांगतो ! या फारशीस पूर्वजांपासून जतन केलेला ठेवा समजणें चुकीचें होईल. पारशांची धर्मभाषा अवेस्ता व जुनी ग्रंथभाषा पहलवी. बहमनची फारशी ती नव्हे. ती अरबी लिपींत लिहिली जाणारी, दरबारीं चालणारी भाषा होय. ती दोन वाटांनीं नवसारीस पोंचली. इराणांतील धर्मबंधूंशीं इ. स. १४७८ पासून चाललेल्या प्रश्नोत्तररूप पत्रव्यवहाराची, म्हणजे रिवायतींची, ही एक वाट. आणि गुजरातचे सुलतान व इ. स. १५७३ नंतर मोंगल बादशाही, ही दुसरी. म्हणजे आपल्या समाजाचा इतिहास लिहितांना कवीनें त्या काळच्या राज्यकर्त्या वर्गाच्या भाषेचा आश्रय केला. त्यापूर्वीं चार-पांच शतकें नेर्योसंग धवल यानें धर्मग्रंथांचीं भाषांतरें संस्कृतांत केलीं होतीं, कारण त्या काळीं विद्वन्मान्य भाषा संस्कृत होती. पारशी धर्माचा परिचय करून देणारे जे सोळा संस्कृत श्लोक पोथ्यांत मिळतात, आणि ज्यांचें कर्तृत्व कोठें आका अध्यारू याजकडे तर कोठें नेर्योसंगाकडे दिलेलें असतें, तेहि याच प्रवृत्तीचे द्योतक आहेत. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजीनें तीच जागा घेतली. भाषेची अट एका राजानें एकदां घातली व प्रकरण मिटलें, असें झालेलें नाहीं. ज्याचें राज्य त्याची भाषा शिकावी, ही अट प्रत्येक युगानें नव्यानें घातली आहे. आणि ती तोंडानें सांगण्यास राजा दरबारांत बसलेला असावाच लागतो असें नाहीं.

उरलेल्या अटींपैकीं स्त्रियांचा वेष व सायंकाळचा विवाह या दोहोंचें स्वरूप आमच्या मतें स्पष्ट आहे. चाल आधीं असते, तिचें कारण सांगणारी कथा मागून येते. आपल्या स्त्रिया गुजराती वळणाचें लुगडें कां नेसतात, लग्न दिवस मावळतांना कां लागतें, असें कोणी विचारिलें कीं ‘आमच्या पूर्वजांनीं राजास वचन दिलें होतें’ हें उत्तर वृद्धांपाशीं तयार असे. या उत्तरांत एक मोठें समाधान आहे. जें हळूहळू, न कळत, शेजारधर्मानें आपल्या अंगीं आलें, तें आपण एकदां जाणून व मोबदला घेऊन स्वीकारलें, असें त्यामुळें म्हणतां येतें. याचें प्रमाण अटींच्या बाहेर सांपडतें. पारशी विवाहांतील आशीर्वाद संस्कृतांतहि म्हणण्याचा प्रघात होता. ही गोष्ट पांच अटींत कोठेंच नाहीं. राजानें न मागितलेलेंहि बरेंच कांहीं या समाजानें स्वीकारिलें, आणि कोणत्याहि राजाच्या बोलण्यावरून न सोडतां कुस्ती, सदरा व अग्नि हीं राखिलीं. घेणें व राखणें यांचा खरा हिशेब पांच कलमांत मावत नाहीं.

पहिली अट, म्हणजे धर्माची माहिती सांगण्याची, आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. काव्यांत या प्रसंगास बराच विस्तार दिला आहे : दस्तूर सूर्य, चंद्र, अग्नि, जल व गाय यांविषयींची आपली पूज्यबुद्धि, कुस्तीचा विधि व शौचाशौचाचे नियम राजापुढें क्रमानें मांडतो. परक्या सत्ताधीशापुढें स्वधर्माचें निवेदन करण्याचा असा प्रसंग कवीच्या स्वतःच्या हयातींत घडून गेला होता. इ. स. १५७८ च्या सुमारास नवसारीचे दस्तूर मेहरजी राणा अकबराच्या दरबारीं गेले. नवसारीहून आलेल्या अग्निपूजकांनीं बादशहास आपला धर्म समजावून दिल्याची नोंद बदायूनीनें केली आहे. मेहरजींच्या घराण्यास जमीनहि मिळाली. राजा प्रश्न विचारतो, मोबेद उत्तर देतो, राजाचें समाधान होतें व भूमि मिळते, ही सर्व परंपरा नवसारीच्या लोकांनीं डोळ्यांदेखत पाहिली होती. वीस-बावीस वर्षांनीं त्याच गांवीं लिहिलेल्या काव्यांत तीच परंपरा जादी राण्याच्या दरबारीं दिसावी, हा केवळ योगायोग असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

याखेरीज कवीच्या घराण्याची गोष्ट आहे. बहमन हा संजाणा शाखेचा मोबेद. ही शाखा पवित्र अग्नीबरोबर नवसारीस आली, तीहि चांगा आसा या वजनदार गृहस्थाच्या पुढाकारानें. नवसारीस भगरिया मोबेदांची वहिवाट आधींपासून चालू होती. संजाणांनीं आपल्या अग्नीची सेवा करावी व गांवांतील इतर धर्मकृत्यें भगरियांनीं चालवावीं, अशी वांटणी ठरली. म्हणजे हे लोक आपल्याच धर्मबंधूंच्या गांवीं दुसऱ्यांदा आगंतुक झाले होते, आणि तेथेंहि त्यांस अटींवरच राहावें लागलें ! ही वांटणी पुढें टिकली नाहीं. तंटे होऊन अखेर संजाणा मोबेद अग्नि घेऊन नवसारीहून निघाले, आणि इ. स. १७४२ मध्यें तो उदवाड्यास स्थिर झाला. अग्नि आमचा, तो आम्हीं वादळांत नवस करून मिळविला, त्यासाठीं आमचे पूर्वज लढले व रानोमाळ फिरले, हें सांगणें बहमनच्या घराण्यास किती निकडीचें होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे काव्याचा प्रारंभ नवसानें व शेवट नवसारीनें कां होतो तें कळतें. ‘किश्शा’चा नायक जादी राणा नव्हे व दस्तूरहि नव्हे, तो इराणशाह नांवाचा अग्नि आहे.

आतां बाहेरचा पुरावा पाहूं. इ. स. १९५५ मध्यें डहाणू तालुक्यांतील चिंचणी येथें सांपडलेले व दिनेशचंद्र सरकार यांनीं प्रसिद्ध केलेले ताम्रपट या बाबतींत बहुमोल आहेत. त्यांतील शके ८४८ च्या, म्हणजे इ. स. ९२६ च्या राष्ट्रकूट इंद्रराजाच्या काळच्या लेखावरून असें दिसतें कीं, संजाण मंडळाचा कारभार मधुमति ऊर्फ सुगतिप या नांवाच्या ताजिकाकडे, म्हणजे पश्चिम आशियांतून आलेल्या मुसलमान गृहस्थाकडे होता. मधुमति हें महंमद या नांवाचें संस्कृत रूप असून त्याच्या पित्याचें नांव सहियारहार, म्हणजे शहरियार, असें आहे. या परदेशी अधिकाऱ्यानें नदीवर फुकट तरीची सोय केली, अन्नछत्र घातलें आणि एका ब्राह्मणानें बांधलेल्या देवीच्या मठिकेस भूमिदानास अनुमति मिळविली. त्याच्यावर भाषेची, वेषाची वा शस्त्राची अट घातल्याचा मागमूस नाहीं. शिलाहारांच्या ताम्रपटांत ‘हंयमन’ किंवा ‘हंजमन’ हा शब्द येतो. त्यास कोणी संजाण नगर समजतात, कोणी पारशांचें अंजुमन. कान्हेरीच्या लेण्यांत इ. स. १००९ व १०२१ या सालांचे पहलवी लेख कोरलेले आहेत. संजाण येथें इ. स. २००२ ते २००४ या अवधींत झालेल्या उत्खननांत पश्चिम आशियांतील चकचकीत लेपाचीं खापरें, चिनी मातीचे तुकडे व एक जुना दोखमा मिळाला. हें चित्र रान तोडून वसविलेल्या एकाकी वस्तीचें नव्हे; तें अनेक देशांच्या व अनेक धर्मांच्या लोकांनीं गजबजलेल्या बंदराचें आहे. अशा बंदरीं नवीन आलेल्या गलबतास पाहून राजानें घाबरून जावें, हें संभवनीय दिसत नाहीं. परक्यांचें भय हें सोळाव्या शतकांतील स्मृतीचें भय आहे.

खरा करारनामा कसा असतो हें पाहावयाचें असल्यास याच किनाऱ्यानें दक्षिणेस कोल्लमपर्यंत जावें. तेथील तरिसा चर्चला दिलेला इ. स. ८४९ चा ताम्रपट उपलब्ध आहे. देणारा वेणाडचा अय्यन अडिगळ, काळ स्थाणु रवि राजाच्या कारकीर्दीचें पांचवें वर्ष. कोणते हक्क दिले, कोणते कर माफ केले, हें त्यांत लिहिलें असून खालीं पहलवी, अरबी व हिब्रू लिपींत साक्षीदारांच्या सह्या आहेत. तेथें आगंतुकांनीं काय सोडावें याची यादी नाहीं. त्यांस काय मिळालें याची आहे. आणि साक्षीदारांनीं सह्या आपापल्या लिपींत केल्या आहेत.

कोणी म्हणेल, चारशें वर्षांपूर्वींचें एक काव्य, तें करारनामा असो वा नसो, आज त्यावरून काय अडतें ? अडतें तें असें. इ. स. १९०८ मध्यें न्यायमूर्ति दावर व बीमन यांनीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत दिलेल्या निकालांत पारशी कोणास म्हणावें याची व्याख्या झाली, आणि इराणांतून आलेल्या मूळ आगंतुकांचें वंशजत्व हा त्या व्याख्येचा पाया ठरला. त्या मूळ आगंतुकांचें सलग कथन करणारा जुना ग्रंथ एकच, आणि तो म्हणजे ‘किस्सा’. काव्यांतील एका प्रतिमेस इतिहासाची साक्ष समजण्यांत किती जोखीम आहे, हें यावरून दिसेल. दुसरी गोष्ट याहून व्यापक आहे. साखरेची आख्यायिका आज इतर अल्पसंख्य समाजांस उपदेश करण्याच्या कामीं येते : पाहा, हे कसे विरघळले, तुम्हीहि तसेच विरघळा. उपदेश करणाऱ्यांस हें माहीत नसतें कीं, ज्यांचा दाखला दिला जातो ते स्वतःच्या काव्यांत विरघळलेले नाहींत. त्यांनीं पुष्कळ घेतलें, पुष्कळ दिलें, आणि ज्याच्यासाठीं देश सोडला तें मात्र कोणत्याहि पेल्यांत ओतलें नाहीं.

तात्पर्य, ‘किस्सा’ आठव्या किंवा दहाव्या शतकांतील संजाणचें प्रमाणपत्र नव्हे. तो सोळाव्या शतकाच्या अखेरच्या नवसारीचा अत्यंत प्रामाणिक आरसा आहे. बहुसंख्यांच्या मध्यें राहणारा लहान समाज आपल्या बदलांचा अर्थ कसा लावतो, आपल्या राहण्यास हक्काचें रूप कसें देतो, आणि काळाच्या ओघांत अंगवळणीं पडलेल्या गोष्टींस वचनाची प्रतिष्ठा कशी देतो, हें शिकविणारें याहून चांगलें साधन पश्चिम हिंदुस्थानांत क्वचितच असेल. करारनामा म्हणून त्यास उभें केलें तर तो खोटा पडतो. काव्य म्हणून वाचला तर त्याचा एकहि बैत वायां जात नाहीं.

संग्राहकांस दोन सूचना करून हा लेख पुरा करतों. ‘किश्शा’ची किंवा सोळा श्लोकांची कोणतीहि जुनी प्रत हातीं आल्यास केवळ संहिता न उतरतां पुष्पिका, लेखकाचें घराणें, प्रत कोणाच्या सांगण्यावरून झाली तें, व समासांतील टिपा अवश्य उतरून घ्याव्या, संजाणा घराण्याची प्रत व भगरिया घराण्याची प्रत यांत कोठें फरक पडतो हें पाहण्याजोगें आहे. दुसरें असें कीं, नवसारी प्रांत अठराव्या शतकांत गायकवाडांच्या अमलाखालीं गेल्यामुळें मोबेदांच्या हक्कांविषयींचे तंटे मराठी अंमलदारांपुढें आले असण्याचा पुष्कळ संभव आहे. आपल्या संग्रहीं त्या बाजूचीं मोडी कागदपत्रें असतील त्यांनीं तीं या दृष्टीनें एकदां चाळावीं. ज्या प्रश्नावर काव्यें व आख्यायिका यांनीं इतकें बोलून ठेविलें आहे, त्यावर एखादा साधा निवाडापत्राचा कागद काय बोलतो, हें ऐकणें अगत्याचें आहे.